कुंपणाचा खटला

टेसाची वकिलीतली ही पहिलीच केस, आणि ती जिंकल्यातच जमा होती! जॉर्जियातल्या त्या चिमुकल्या गावात तिच्या अशील व्हर्नाबाईंच्या हातचा 'पीच पाय' हा फळांचा गोड पदार्थ न खाल्लेला माणूस गावकऱ्यांच्या ज्यूरीसाठी शोधूनही सापडला नसता. शेजारच्या ओटिसने त्यांच्या जागेत घुसवलेलं कुंपण आता उखडणारच होतं. आणि ऐन वेळी व्हर्नाबाईंचा फोन आला.

"तारीख जूनमध्ये ढकल गं पोरी, नातवंडांना सुट्टी असते. आणि ज्यूरी नको, नुसते न्यायाधीश पुरेत."

"अहो, हातातली केस घालवताय! आणि ओटिस बरा कबूल होईल?"

"झालाय की!"

म्हणजे त्या बेरकी म्हाताऱ्याने बाईंना गुंडाळलं! जूनमध्ये टेसा दातओठ खातच कोर्टात पोचली. बघते तर व्हर्नाबाई ओटिसच्याच ट्रकमधून उतरत होत्या, आणि ओटिस चक्क सुटाबुटात!

"अहो, आणि कुंपण?" टेसा किंचाळलीच.

"ते त्याने कधीच उपटलं," व्हर्नाबाई हॅट सावरत लाजल्या. "पण मिळालेली तारीख फुकट कशाला घालवायची? ज्यूरीला निकाल देता येतो गं, न्यायाधीशांसारखं लग्न नाही लावता येत!"