काळ्या काचा

सभापती आप्पासाहेबांच्या गाडीच्या काचांना काळा कागद चिकटवायला मिरजगावच्या गहिनीनाथला अर्धा दिवस लागला. बाजूच्या काचा सपाट होत्या, पण मागची बाकदार काच कागद धरीना. साबणाचं पाणी मारून मारून त्यानं तो बसवला. त्यासाठी आप्पासाहेबांनी दुष्काळी कामावरच्या टँकरमधून दोन बादल्या पाणी मागवलं होतं.

काम कसं झालंय ते बघायला आप्पासाहेब आत बसले, तेवढ्यात खडी फोडून परतणारी छबूबाई तिथं थांबली. गाडी रिकामी समजून तिनं काचेत बघत पदर सारखा केला.

“आमचं प्यायचं पानी ह्या मेल्यानं गाडीसाठी नेलं व्हय?” ती म्हणाली. “मतं मागाया हात जोडून आल्ता. आता त्वांड लपवाया काळ्या काचा!”

आप्पासाहेब आतच आहेत हे गहिनीनाथनं तिला मुद्दाम सांगितलं नाही. छबूबाई काचेवर पचकन थुंकली आणि चालती झाली.

आता हा माणूस शरमेनं खाली उतरायचाच नाही, असं गहिनीनाथला वाटलं. पण दार उघडलं आणि आप्पासाहेब हसतच बाहेर आले.

“लई झ्याक काम केलंस गड्या! माणूस म्होरं उभं ऱ्हायलं तरी आपन दिसत न्हाई!”