ज्वारीची राखण

"हाऽऽ हुर्रऽऽ! हाऽऽ हुर्रऽऽ!"

मैनाबाईंनी पदर खोचला, टाळ्या पिटल्या आणि ऐरोलीच्या खाडीत निवांत चरणारा रोहित पक्ष्यांचा अख्खा थवा एका दमात उडवून लावला. काठावर पक्षी बघायला जमलेली मंडळी श्वास रोखून बसली होती. त्यांच्या दुर्बिणी डोळ्यांना तशाच राहिल्या, समोरचा चिखल मात्र रिकामा.

"अहो आजी, पक्षी बघायचे असतात, हाकलायचे नसतात!" मंडळींना घेऊन आलेली अदिती रडकुंडीला आली.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं गजेंद्रला झालं. आईला भातकुलीहून मुंबईत आणून दोन महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत ती हो, नाही आणि जेवली यापलीकडे बोलली नव्हती. शेत विकून इथंच राहा म्हटलं, तेव्हाही "तू म्हनशीन तसं" एवढंच. गिऱ्हाईक ठरलं होतं, उद्या त्याला होकार द्यायचा होता. तिला जरा विरंगुळा म्हणून आज इथं आणलं, आणि तिनं तोंड उघडलं ते असं!

चूक तशी अस्सल वऱ्हाडी होती. बाईचा जन्म ज्वारीच्या मचाणावर गेलेला. कणसात दाणा भरू लागला की दिवसभर वर बसायचं, गोफण फिरवायची आणि राघू-चिमण्यांना शेलक्या शिव्या हासडायच्या. नवरा गेल्यावरही ती एकटीच बसायची. ते बघवेना म्हणून गजेंद्रनं हट्टानं ज्वारी बंद केली, सोयाबीन पेरायला लावलं. सोयाबीनकडे चिमणी ढुंकून बघत नाही. आईचं उन्हात घसा फोडणं थांबलं, याचं त्याला फार समाधान होतं.

"काहून वं आई?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "इथं कोनाची जवारी खाऊन राह्यले होते ते?"

मैनाबाईंचं लक्ष आभाळात होतं. थव्यानं खाडीवर एक गिरकी घेतली आणि तो होता तिथंच परत उतरला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. गजेंद्रला एकदम गलबलून आलं. लहानपणी तो भाकरी घेऊन मचाणाखाली उभा राहिला की आई वरून अशीच हसायची. ते हसू त्यानं किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आले पाह्य, मेले!" त्या म्हणाल्या. "कितीक बी हाकला, येतेतच."

"आई," गजेंद्रनं चाचरत विचारलं, "उद्या त्या गिऱ्हाइकाले काय सांगू?"

"सांग, वावर इकाचं नाही. मिरगाले जवारी पेरतो म्हन आमी." मग डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "बापू, तुले वाटे मी राखन करून राह्यली. अरे, तुहे बाबा गेल्यावर दिवसभर बोलाले मले त्या पाखराईबिगर होतं कोन?"