ओंजळीतली वाटी

तान घेता घेता माझा हात आपोआप वर गेला. समोर पहिल्या रांगेत गुरुजी बसले होते. गाताना हातवारे केलेले त्यांना खपत नसत. रियाजाला ते माझ्या ओंजळीत काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी ठेवायचे; थेंब सांडला की बंदिश पुन्हा पहिल्यापासून.

हात खाली घेणार, तेवढ्यात त्यांच्या शेजारी बसलेले बाबा दिसले. साखर कारखान्यातल्या खडखडाटाने त्यांचे कान केव्हाच गेले होते. तरी माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला यायचे आणि घरी जाताना आईला विचारायचे, "कशी गायली?" आज मात्र त्यांची मान माझ्या हातामागे डोलत होती.

मग मी हात आवरलाच नाही. तान चढली तसा तो चढला, वळला, झरझर उतरला. मी समेवर आले आणि नेमकी तेव्हाच बाबांची थाप मांडीवर पडली.

दुसऱ्या दिवशी शिकवणीला गेले, तर वाटी भरून ठेवलेलीच होती. मी ओंजळ पुढे केली. गुरुजींनी वाटी उचलली, पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि म्हणाले, "हं. तुझ्या बाबांना ऐकू जाईल असं गा."