टॅलाचे साधू

ज्ञानदाला कॉर्मॅकशी लग्न करायचं होतं आणि आई काही ऐकत नव्हती. रिद्धपूरहून आयर्लंडला, टॅलात लेकीकडे आलेली आई लॉकडाऊनमुळे तिथेच अडकली होती. घराणं महानुभाव पंथाचं. मांस शिजतं त्या घराशी सोयरीक नाही. कॉर्मॅकने मांस सोडलं होतं, तरी आई म्हणायची, “आज सोडलं, उद्या धरीन. रक्तातच असावं लागते ते.”

शेवटी कॉर्मॅक दोघींना आपल्या गावातल्या जुन्या चर्चपाशी फिरायला घेऊन गेला. तो सांगत होता आणि ज्ञानदा आईला मराठीत समजावत होती. “बाराशे वर्षांपूर्वी इथे साधूंचा मठ होता. ते मांस खात नसत, दारूला शिवत नसत.”

“आपल्या स्वामींच्या आधी?”

“चारशे वर्षं आधी, आई.”

आई हरखली. “बाप्पा! म्हणजे याच्या रक्तातच हाये की!”

ज्ञानदाने उडी मारायचीच बाकी होती. पण कॉर्मॅक पडला प्रामाणिक. “हेही सांग त्यांना,” तो म्हणाला, “ते साधू लग्नही करत नसत.”

ज्ञानदाने तेही सांगितलं.

आई खुदकन हसली. “त्याले म्हणावं, तेवढं नको पाळू.”