गजऱ्याखालचा ठेका

डोक्याच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले आणि आई पहिल्यांदा आरशासमोर बसली. कानाच्या वर, टाक्यांपाशी, आठ दिवसांपासून चिंचोक्याएवढी गाठ होती. "पिकलंय ते," हेमाआत्या म्हणाली, "उद्या सुई तापवून फोडते." मी म्हटलं, आज तरी झाकूया! मैलापूरच्या फूलवालीकडचा ताजा गजरा मी गाठीवरून नेऊन पिनेने बसवला. काय दिसत होती आई!

तेवढ्यात करंट गेला. पंखा थांबला, पण गाठीवरची फुलं हलतच राहिली. एका ठेक्यात! मी आईचं मनगट धरलं. नाडीचाही तोच ठेका.

"आत्या, सुई राहू दे. आत्ताच्या आत्ता ऑटो थांबव."

"मोठी आली डॉक्टरीण!" आत्या म्हणाली, पण ऑटो तिनेच थांबवली.

हॉस्पिटलमध्ये सर्जननी गाठीवर अलगद बोट ठेवलं आणि लगेच ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. "हा पू नाही, रक्त आहे. कातडीखालच्या धमनीला भोक पडलंय. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रक्त इथे येऊन धडकतंय."

"मग ते अडलंय कशाने?" मी विचारलं.

"एका पातळ पापुद्र्याने. आणि वर कातडी. बस्स."

"देवा, आणि मी यात सुई खुपसणार होते!" आत्या म्हणाली. मी मात्र आईकडे बघतच राहिले. एवढ्याशा पापुद्र्याच्या भरवशावर ही बाई आठ दिवस मला अभ्यासावरून ओरडत होती!