चौथी बाहुली

प्रशिक्षणासाठी केतकीनं चौथी बाहुली मागून घेतली. आरोग्य केंद्रातल्या प्रत्येक बाहुलीत एका खऱ्या बाळाची शेवटची मिनिटं भरलेली होती. चौथीत तिच्या निहारची होती, त्याच्या पायातल्या, ठोके आणि श्वास मोजणाऱ्या पट्टीनं टिपलेली. शिकवणाऱ्या गावडे सिस्टरना हे ठाऊक नव्हतं.

बाहुली निळी पडली.

"ताई, छातीच्या मधोमध दोन बोटांनी तीस वेळा दाबा, मग दोन हलके श्वास द्या."

केतकी दाबत राहिली. तिसऱ्या मिनिटाला बाहुली रडली.

"छान जमलं," सिस्टर म्हणाल्या.

"खरं बाळही असंच वाचलं असतं?"

"हो, नक्की."

त्या दिवशी निहारला छातीशी धरून केतकी नऊ मिनिटं रुग्णवाहिकेची वाट बघत नुसती उभी होती. आता तिला बाहुली खाली ठेवता येईना.