डावीकडची किरकिर

"दादाचे कान फक्त स्पीकरसाठी आहेत. बाळ त्याच्या भरवशावर टाकू नकोस," नणंद म्हणाली होती. उलट मीच तिच्यावर फणकारले.

काल बाळ त्याच्यावर सोपवून मी दोन तास बाहेर कामाला गेले. नवऱ्याने नव्या स्पीकरवर गाणं लावून त्याचं रेकॉर्डिंग स्टिरिओवेड्यांच्या ग्रुपवर टाकलं. तिथल्या दीडशहाण्यांनी नाकं मुरडली, "डावीकडून बारीक किरकिर येतेय. वायर बदल." महाशयांनी तासभर खपून वायर बदलली, पुन्हा रेकॉर्डिंग टाकलं. "वा! आता एकदम स्वच्छ!"

मी दारात पाऊल टाकताच त्याने दोन्ही ऐकवली. "फरक कळतोय ना?"

कळला. डावीकडे बाळाची खोली आहे.

पाळण्याच्या गजांत पाय अडकलेलं माझं बाळ रडून रडून थकलं होतं.



तुमचं बाळ फारच शांत असेल, तर आत्ता उठून बघून या.